झटपट फ्राइड राइस : शिळा भात हवाच का?

कढईबहाद्दर
रविवारी संध्याकाळी लेकीची फर्माईश, "बाबा, फ्राइड राइस!" शिळा भात नव्हता. दोन वाट्या कोलम कुकरला लावला आणि वाफ जिरते न जिरते तोच कढईत ओतला. सोया सॉस घातलेली आसट खिचडी झाली. माझं ठाम मत : फ्रिजमधला कालचा भात नसेल तर या वाटेला जाऊच नये. गार झाल्यावर भातातला स्टार्च घट्ट बसतो, दाणा टणक होतो आणि परतताना मोडत नाही. भात तयार असेल तरच हा पदार्थ झटपट. बाकी नुसत्या भाज्या चिरायला वीस मिनिटं जातात.

मोकळा_दाणा
साफ अमान्य. भाताला कशाला बोल लावता, कुकरला लावा. तांदूळ अर्धा तास भिजवा, पातेल्यात भरपूर पाणी उकळून त्यात सोडा. शीत बोटांत दाबल्यावर मध्ये बारीक कणी लागली की लगेच चाळणीत ओता. मग परातीत पसरून पंख्याखाली. तो गार होईतो फरसबी, गाजर, कोबी चिरून होतात. इंद्रायणी मात्र नको, तो मुळातच चिकट.

फोडणीवाली
एवढा खटाटोप कशाला? आपला फोडणीचा भात काय वेगळा आहे? मोहरी-हळदीच्या जागी लसूण आणि सोया सॉस, झालं!

मोकळा_दाणा
ताई, फरक आहे. फोडणीच्या भातावर आपण पाण्याचा हबका मारतो आणि झाकण ठेवून वाफ काढतो. इथे वाफ धरली की संपलंच. झाकण नाही, आच मोठी.

फोडणीवाली
हे मात्र खरं. माझी सून झाकण ठेवते, आता सांगते तिला. (नको, नाहीच सांगत.)

रात्रपाळी
'कालचा भात' म्हणजे रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला नव्हे. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढतात, विष तयार करतात आणि ते विष पुन्हा परतूनही जात नाही. तासाभरात गार करून फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी संपवा.

कढईबहाद्दर
आमची आजी रोज सकाळी शिळ्या भाताला फोडणी द्यायची. कुणाला काही झालं नाही.

रात्रपाळी
झालं असेल. तेव्हा 'काहीतरी बाधलं' म्हणायचे आणि ओवा चावायला द्यायचे.

एकटा_जीव
दोघंही भाताला धरून बसलात. चायनीजच्या गाडीवरची भट्टी आणि आपली शेगडी यांत जमीन-अस्मानाचं अंतर. घरी चौघांचा भात एकदम घातला की कढई गार पडते, भाज्या पाणी सोडतात, मग शिळा काय नि ताजा काय, लगदाच. दोन-दोन वाट्यांचे घाणे काढा. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या कडेने सोडा, चर्र झालं पाहिजे.

कढईबहाद्दर
आज ताज्या भाताचा केला, दोन घाण्यांत. दाणा न् दाणा सुटा, लेकीने परत मागून घेतला. मान्य, जमतं. पण पातेलं, चाळणी, परात, कढई घासली मी. शिळ्या भाताला एक डबा लागतो, एवढंच म्हणणं आहे.