लसीनंतरची गाठ आणि पुढची लस
रेबीजच्या लसीनंतर कुत्र्याच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली, तेव्हा पुढच्या वर्षीची लस टाळावी का, असे आपण विचारले आहे. कृपया टाळू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर जनावर वाचत नाही, आणि आपल्याकडे जागलीचे कुत्रे दिवसा अंगणात लेकरांसोबतच असते. दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतातील कुत्रीलाही अशीच गाठ आली होती, ती तीन आठवड्यांत जिरली. या लसीतील मृत विषाणूंसोबत बहुधा ॲल्युमिनियमचा क्षार असतो, त्याने टोचल्याजागी दाह होतो. म्हणून गाठ चोळू नये, फोडू नये आणि शेजारी कितीही सांगोत, चुना लावू नये. मात्र ती ३ महिन्यांनंतरही राहिली, २ सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा १ महिन्यानंतरही वाढत असली, तर तिचा तुकडा तपासावा. हा नियम मुळात मांजरांसाठी आहे, कारण त्यांना क्वचित त्या जागी कर्करोग होतो. तोंड सुजणे, उलट्या, धाप ही लसीच्या ॲलर्जीची लक्षणे मात्र काही मिनिटांत किंवा तासांत दिसतात, म्हणून गावाकडची एसटी चुकली तरी अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. गाठीची जागा लसीच्या कार्डावर लिहून घ्यावी, म्हणजे पुढची सुई दुसरीकडे देता येईल.