पदवी घेताना प्रशिक्षणाकडे पाहावे

हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीवर तीन-चार वर्षे घालवण्यापेक्षा बारावीनंतर थेट हॉटेलात कामाला लागावे, असे या चर्चेत काहींनी म्हटले आहे; ते मत मला अर्धेच पटते. स्वयंपाकघरात हात अनुभवानेच बसतो, हे खरे. परंतु विनापदवी कामाला लागलेला मुलगा बहुधा ज्या विभागात शिरतो त्याच विभागात राहतो. याउलट केंद्र सरकारच्या राष्ट्रीय हॉटेल मॅनेजमेंट परिषदेशी संलग्न संस्थांमध्ये, उदाहरणार्थ मुंबईत दादरच्या किंवा गोव्यातील पर्वरीच्या संस्थेत, फ्रंट ऑफिस (पाहुण्यांचे स्वागत व नोंदणी), हाउसकीपिंग (खोल्यांची स्वच्छता व निगा), फूड प्रॉडक्शन (स्वयंपाकघर) आणि सर्व्हिस (पाहुण्यांना वाढणे) हे चारही विभाग शिकवले जातात आणि अभ्यासक्रमातच एक सत्र प्रत्यक्ष हॉटेलात काढावे लागते. माझी भाची अशा अभ्यासक्रमाला शेफ होण्याच्या निश्चयाने गेली होती. त्या प्रशिक्षणात उभ्याने केलेल्या लांब पाळ्या आणि सणासुदीला न मिळणारी रजा अनुभवल्यावर तिने फ्रंट ऑफिस निवडले, आणि आज ती तेथे मनापासून रमली आहे. म्हणून खाजगी महाविद्यालयात लाखो रुपये भरण्यापूर्वी तेथील विद्यार्थी प्रशिक्षणाला नेमके कोणत्या हॉटेलांत जातात, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच विचारावे.

आणखी एक मुद्दा या चर्चेत कोणी मांडलेला नाही: मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी असेल, तर पुढे क्षेत्र बदलावेसे वाटल्यास एमपीएससी, बँकांच्या परीक्षा किंवा एमबीए हे मार्ग खुले राहतात, अल्पमुदतीच्या डिप्लोमाने ते मिळत नाहीत. घरची परिस्थिती बेताची असेल, तर या फरकाला फार मोल आहे.