१४ नोव्हेंबरच्या भाषणात नेहरूंचं फैजपूर कसं सांगावं?

सावद्याची मावशी
नमस्कार मंडळी. माझी भाची आठवीत आहे, शाळा फैजपूरजवळच. तिला पंडित नेहरूंवर पाच मिनिटं बोलायचंय. जी भाषणं हाताशी आहेत त्यांत १८८९ चा जन्म, अलाहाबाद, गुलाबाचं फूल, पहिले पंतप्रधान, की झालं भाषण. पोरगी म्हणते, "मावशी, हे तर दरसाल कोणी ना कोणी म्हणतंच." आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याचे ते अध्यक्ष होते एवढं मला ठाऊक आहे. पण त्यांच्या आयुष्यात आपल्या फैजपूरची जागा कोणती? कोणी नीट सांगेल का?

केळीवाला, यावल
ताई, अधिवेशन २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला झालं. तोवर काँग्रेस मोठ्या शहरांत भरायची, खेड्यात भरली ती पहिल्यांदा इथेच. गांधीजींचा तसा आग्रह होता. शेतात टिळकनगर उभं केलं. सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांची, तीही बांबू आणि गावात मिळेल त्याच सामानाची. अध्यक्षांची मिरवणूक बैल जुंपलेल्या रथातून निघाली. आणि भाचीला धनाजी नाना चौधरींचं नाव घ्यायला सांगा. फैजपूरच्या कॉलेजवर ते नाव रोज वाचतो आपण, पण अधिवेशनासाठी ते किती राबले हे पोरांना कोणी सांगत नाही.

निवृत्त मास्तर
ताई, जन्मापासून शेवटापर्यंत सगळं आयुष्य पाच मिनिटांत कोंबू नका. भाचीला एकच वर्ष द्या, १९३६. मी वर्गात नेहरू असेच शिकवायचो आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा ऐकायची.

वर्ष सुरू झालं तेव्हा नेहरू युरोपात, आजारी पत्नीच्या उशाशी होते. कमलाबाईंची प्रकृती ढासळली म्हणूनच सरकारने त्यांना आदल्या सप्टेंबरात अल्मोड्याच्या तुरुंगातून सोडलं होतं. २८ फेब्रुवारीला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला त्या गेल्या. इंदिरा तेव्हा अठरा वर्षांची. परतीच्या वाटेवर रोमला मुसोलिनीकडून भेटीचा निरोप आला. नेहरूंनी साफ नकार दिला. विमान बगदादला थांबलं तिथून त्यांनी लंडनच्या प्रकाशकाला तार केली. तुरुंगात लिहिलेलं त्यांचं आत्मचरित्र छापून होत आलं होतं, त्याची अर्पणपत्रिका त्या तारेत होती : 'कमलाला, जी आता नाही.'

आणि एप्रिलमध्ये हा माणूस लखनौला काँग्रेसच्या अध्यक्षपदी उभा! तिथे त्यांनी समाजवाद उघडपणे मांडला. वल्लभभाई, राजेंद्रबाबू अशा कार्यकारिणीतल्या सात जणांनी उन्हाळ्यात राजीनामे दिले, गांधीजींनी मध्ये पडून ते मागे घ्यायला लावले. घरात दुःख, पक्षात ताण, आणि डिसेंबरात फैजपूरला लागोपाठ दुसऱ्यांदा अध्यक्ष. त्यासाठी वल्लभभाईंनी आपलं नाव मागे घेतलं, हेही सांगा. मतभेद होते, तरी मोठेपणा होता.

आता खरा मुद्दा. त्याच वेळी पाचशेच्या वर शेतकरी मनमाडहून पायी फैजपूरला आले. दोनशे मैलांच्या वर चालले. रेल्वेने मनमाड ते भुसावळ त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतं, म्हणजे ही माणसं सरळ आलीच नाहीत, गावोगाव लोकांशी बोलत आली. त्यांच्या स्वागताला स्वतः नेहरू होते. काँग्रेसचे शंकरराव देव, डावे नेते मानवेंद्रनाथ रॉय, डांगे, युसुफ मेहेरअलीही होते. रॉय तर नुकतेच तुरुंगातून सुटलेले. नेहरूंनी शेतकऱ्याचं दुःख पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं ते १९२० साली, उत्तर प्रदेशातल्या प्रतापगडच्या खेड्यांत. बॅरिस्टरच्या घरात वाढलेल्या माणसाला त्या दिवसांनी हलवून सोडलं. सोळा वर्षांनी फैजपूरला काँग्रेसने शेतीचा कार्यक्रम मंजूर केला : सरकारचा सारा आणि जमीनमालकाचा खंड यांत भरीव कपात, न परवडणाऱ्या जमिनीला सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतकरी संघटनांना मान्यता. प्रतापगडला सुरू झालेली ती वाट आपल्या गावापर्यंत आली, असं मी मानतो.

धुळेकर
मास्तर, मान्य. पण ठरावाचं पुढे काय झालं हेही पोरीला कळू द्या. १९३७ ला मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं सरकार आलं. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा व्हायला १९३९ उजाडलं, आणि त्याच साली मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. कर्जाखाली दबलेल्या घराला तेवढी दोन वर्षंसुद्धा फार लांब असतात.

निवृत्त मास्तर
भाऊ, बरोबर बोललात. ते वाक्य भाषणात असायलाच हवं. फक्त एक जोड द्या : इंग्रजांनी केलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली प्रांतांत मंत्रिपदं घ्यावीत की नाही हा निर्णय फैजपूरला पुढे ढकलला गेला, आणि नेहरू स्वतः ती घेण्याच्या विरुद्ध होते. त्यांना हवी होती भारतीयांनी निवडलेली घटनासमिती. तो ठरावही फैजपूरला झाला. ताई, याला पाऊण मिनिट पुरे. स्पेनच्या यादवीचा उल्लेखही अध्यक्षीय भाषणात आहे, पण तो आठवीच्या वर्गात नको, पसारा वाढेल.

सावद्याची मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, सुरुवात मनमाडहून निघालेल्या शेतकऱ्यांपासून करते, नेहरू दुसऱ्या मिनिटाला येतील. धनाजी नानांचं नाव घेतलंय, धुळेकर भाऊंचं वाक्यही घेतलंय. सहा मिनिटं होताहेत, एक कमी करायचंय. काय काढू ते सांगा, बगदादची तार ती काढू देत नाही.

केळीवाला, यावल
मग माझा बैलांचा रथ काढा.