मदत हवी आहे: सेपांगला कुठल्या रांगेचं तिकीट काढू?

बडोद्याहून मी आणि बाबा (वय 68) मलेशियातल्या सेपांगला मोटोजीपी (मोटारसायकल शर्यत) बघायला जाणार आहोत. 2023 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर रायडर मार्को बेत्सेकी जिंकला तेव्हा मागच्या लांब सरळ पट्ट्याच्या टोकाशी बसलो होतो. ब्रेक लागताच मागचं चाक हवेत तरंगायचं! तेव्हापासून मला जागा हवी ती ब्रेकिंगचीच. सेपांगला म्हणजे शेवटचं, 15वं वळण. शेवटच्या लॅपला खरी झुंज तिथेच, असं माझं ठाम मत.

बाबांचे गुडघे दुखतात, दुपारी पाऊस येतो, म्हणून टेकडीवरची उघडी जागा नको. सीटचा नकाशा, ऑनबोर्ड (बाइकवरच्या कॅमेऱ्याचे) व्हिडिओ बघून झाले, उंचीचा अंदाज येत नाही. तिथे बसलेल्यांनी सांगा: मुख्य स्टँडच्या 15व्या वळणाकडच्या टोकाला कितव्या रांगेपासून छत नीट मिळतं, जिने किती, आणि तिथून ते वळण पूर्ण दिसतं का?