सध्या तुमच्या उशाशी कोणतं पुस्तक आहे? ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांसाठी

आवडत्या दहा पुस्तकांची यादी नको. ती थोड्याफार फरकाने सगळ्यांची सारखीच निघते. या घडीला जे अर्धं वाचून झालंय, ज्यात बसचं तिकीट नाहीतर औषधाची चिठ्ठी खूण म्हणून अडकवलीय, त्या पुस्तकाबद्दल लिहा. ते हातात कसं आलं, कुठे बसून वाचता, कुठल्या जागेपाशी थांबलात. नवं-जुनं काहीही चालेल, दुसऱ्यांदा वाचत असाल तरी चालेल. दोन ओळी लिहा किंवा दोन पानं. ठाणे आणि खाडीपलीकडची नवी मुंबई एवढीच हद्द ठेवलीय, म्हणजे एखादं पुस्तक वाचावंसं वाटलं तर मागून आणता येईल.

सुरुवात मीच करते.

नौपाडा

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. मराठी ग्रंथ संग्रहालयातून आणलंय. १८९३ सालची ही संस्था घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डोळ्यांना ताण नको, म्हणून दुपारची जेवणं उरकली की मी मोठ्यानं वाचते आणि त्या लसूण सोलत ऐकतात. पूर्वी हे पुस्तक मनातल्या मनात वाचलं होतं. मोठ्यानं वाचताना कळतं की यातलं वाक्य न् वाक्य बोलण्यातून आलंय. कुठे श्वास घ्यावा हे शोधावं लागत नाही. वडिलांच्या सोवळ्याचं प्रकरण आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, आमच्या मोठ्या आत्याबाई अश्शाच होत्या.” मग तासभर पुस्तक मिटून आत्याबाईंच्याच गोष्टी झाल्या.

परवा १८९५ पाशी आलो. लक्ष्मीबाईंच्या नवऱ्यानं, ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ती होऊन बाप्तिस्मा घेतला ती बातमी. सासूबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. “आज इथेच थांब,” म्हणाल्या. रात्री जेवतानाही गप्प होत्या. सकाळी मी चहा ठेवत होते तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारतात, “मग पुढे त्या बाईनं काय केलं?”

लक्ष्मीबाई कुठेही कीव मागत नाहीत. नवऱ्यावरचा राग आणि नवऱ्यावरचा जीव एकाच परिच्छेदात येतो आणि दोन्ही खरे वाटतात. आधी धर्मासाठी वेगळ्या राहिल्या, मग जवळ आल्या तरी चूल वेगळी ठेवली आणि पुढे स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळी त्यांनी जात सोडली. १९३४ ते १९३६ या काळात हे भाग छापून आले, त्याच १९३६ मध्ये त्या गेल्या. मराठीत याच्या तोडीचं आत्मचरित्र मी तरी वाचलेलं नाही.

कोलशेत, नोकरी महापेला

इरावती कर्व्यांचं महाभारतावरचं ‘युगांत’. माझं सगळं वाचन ट्रान्स हार्बर लोकलमध्ये. ठाण्याहून गाडी सुटते म्हणून बसायला मिळतं, नाहीतर पुस्तक उघडायची सोय नव्हती.

सध्या ‘मयसभा’ वाचतोय. खांडववन जाळल्याची गोष्ट लहानपणी पराक्रम म्हणून ऐकली होती. बाई विचारतात की त्या वनात राहणाऱ्यांचं काय? पळून जाणाऱ्या जिवांनाही सोडलं नाही, ते कशासाठी? आणि मग जमीन मोकळी करून नवं राज्य वसवण्याचा धागा त्या उलगडून दाखवतात. गाडी ऐरोली-रबाळेकडे येत होती आणि खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसत होता, खाणींनी कापलेला. मी पुस्तक मांडीवर ठेवून नुसता बघत बसलो. पुस्तक फार जाडजूड नाही, पण गाडीतल्या गाडीत संपवायचं नाही असं ठरवलंय. एक प्रकरण झालं की दोन-तीन दिवस डोक्यात घोळू देतो.

घणसोली गावठाण

कोलशेतच्या दादांचं वाचलं आणि लिहायचं ठरवलं. मी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचतोय. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. धरणात गाव गेलेल्या माणसांची गोष्ट.

आमचं गाव धरणात गेलं नाही, शहरात गेलं. नवं शहर वसवायला ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. आमची भातशेती होती, त्यापलीकडे मिठागरं. आजी अजून सांगते, अमुक टॉवर उभा आहे तिथे आपलं खळं होतं. मी जन्मलो तेव्हा त्यातलं काहीच शिल्लक नव्हतं. त्यामुळे लहानपणी मला ती गोष्टच वाटायची.

या कादंबरीनं मला पहिल्यांदा त्या वेळची माणसं दाखवली. मोजणीला येणारे साहेब, सह्या-अंगठे, नोटिशीचा कागद घेऊन वाचून दाखवणारा माणूस शोधत फिरणं, मोबदला हातात आल्यावर घराघरात झालेले बदल, सरकारी कचेरीच्या बाकावर दिवसच्या दिवस बसणं. एकेक प्रसंग वाचतो आणि आजीला विचारतो, असं झालं होतं का? ती कधी हो म्हणते, कधी नुसती मान हलवते. एकदा मात्र पत्र्याची पेटी काढून तिनं मला जुना सातबारा दाखवला. घडीच्या रेषांवर कागद फाटलाय, आजोबांचं नाव मात्र स्वच्छ वाचता येतं. तो घरात आहे हे मला माहीतच नव्हतं.

दि. बा. पाटलांच्या आंदोलनाबद्दल, १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या गोळीबाराबद्दल आणि त्या पाच हुतात्म्यांबद्दल आमच्याकडे दरवर्षी बोललं जातं. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा त्या लढ्यातून मिळाला. पण या पंचाण्णव गावांच्या आठवणींवर आगरी-कोळी माणसानं लिहिलेली अशीच मोठी, दमदार कादंबरी मला वाचायचीय. कुणाला माहीत असेल तर नक्की सांगा.

नौपाडा

घणसोलीच्या भाऊ, आजीला विचारून जे जे कळतंय ते लिहून ठेवताय ना? नसाल तर आजपासून ठेवा. वही साधी असली तरी चालेल.

कोपरी

मी अजून दिवाळी अंकांतच आहे. लायब्ररीत त्यांची वर्गणी वेगळी भरते, एक अंक परत केला की दुसरा. माघ संपत आला तरी यादी संपलेली नाही. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही चैन आपल्याकडे आहे. आधी कथा वाचते, मग कविता, व्यंगचित्रं कधीही. राशिभविष्याचं पान मैत्रिणीसाठी.

ऐरोली

मारुती चितमपल्ली, ‘चकवाचांदण’. गेल्या वर्षी जूनमध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. तेव्हा हे आत्मचरित्र विकत घेतलं आणि थंडीसाठी राखून ठेवलं. कारण थंडीत आमच्या खाडीवर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरतात.

रविवारी सकाळी दुर्बीण आणि हे पुस्तक घेऊन खाडीकडे जातो. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी दूर विखुरतात, भरती चढू लागली की काठाच्या बाजूला सरकत येतात. ते वेळापत्रक पाठ झालंय. मधल्या वेळात वाचन. वनखात्यातला अधिकारी नवेगावबांधच्या तळ्यावर तिथल्या ढीवरांकडून आणि जाणत्या गावकऱ्यांकडून पाणपक्ष्यांची नावं शिकतो, वहीत उतरवतो, वर्षानुवर्षं. पदवी बाजूला ठेवून शिकणं म्हणजे काय ते या पानांत दिसतं.

ते वाचून मी काठावरच्या एका कोळी काकांना विचारायला सुरुवात केली. चिखलात कोणता पक्षी काय खातो, कोणता कधी येतो. त्यांना जे ठाऊक आहे ते माझ्याकडच्या सचित्र मार्गदर्शकात नाही. २०१५ मध्ये खाडीला अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आलं. पण खाडी कळायची तर काकांच्या शेजारी बसावं लागतं. पनवेलकरांनो, चितमपल्लींनी कर्नाळ्यालाही काम केलंय, तुम्ही तर हे वाचाच.

वागळे इस्टेट

टर्नर होतो, आता निवृत्त. नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ वाचतोय, १९६६ चा संग्रह. पूर्वी युनियनच्या सभेत त्यांच्या कविता ऐकल्या होत्या, घोषणांच्या मध्येमध्ये. तेव्हा आवेशच जास्त ऐकू यायचा. आता गॅलरीत बसून एकेक कविता वाचताना त्यातला मऊपणा दिसतो. गिरणी कामगारानं उचलून घरी नेलेलं पोर पुढे शिपाई होतं, मास्तर होतं आणि सगळं शिक्षण रस्त्यावर झालं असं ताठ मानेनं सांगतं. त्यांची ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ ही कविता नातवाला वाचून दाखवली. शाळेत बापाचं नाव विचारतात त्यावर एक आई काय उत्तर देते, ते ऐकून नातू बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, आजोबा, परत वाचा.

नेरूळ

मुलगी आठवीत, इंग्रजी माध्यम. मराठी बोलते छान, पण मराठी पुस्तक दिलं की दोन पानांत कंटाळते. ‘लिटल विमेन’ मात्र तिनं इंग्रजीत दोनदा वाचलंय. म्हणून शांताबाई शेळक्यांनी केलेला त्याचा अनुवाद, ‘चौघीजणी’, तिच्या टेबलावर ठेवला. गोष्ट पाठ असल्यामुळे अडलेल्या शब्दाचा अर्थ ती आपोआप लावते, मला विचारायची गरजच पडत नाही. रात्री झोपताना दोन-तीन पानं ती मला मोठ्यानं वाचून दाखवते. ज्योचा संताप मराठीत जास्त खरा वाटतो, हे तिचं मत. बेथचं आजारपण जवळ येतंय. काय होणार ते दोघींनाही माहीत आहे, तरी काल तिनं मुद्दाम एकच पान वाचलं.

पुढे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणून ठेवलाय. फुरसुंगीचा तो पोरगा तिला आवडेलच.

कोपरी

नेरूळच्या ताई, ही युक्ती फार छान आहे. भाच्यावर करून बघते. त्याला ज्यूल व्हर्न आवडतो आणि त्याचे भागवतांनी केलेले मराठी अनुवाद आहेतच.

घोडबंदर रोड

दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’. जो महिना चालू असेल त्याच महिन्याचा लेख वाचायचा, पुढचं पान उलटायचं नाही. येऊरला काटेसावर फुललीय. आधी ती बघून आले, मग लेख वाचला. १९५६ चं पुस्तक, पण झाडं त्याच वेळेला फुलताहेत.

पनवेल

ऐरोलीकर, चितमपल्ली घेतो. माझ्याकडे सध्या गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे. विष्णुभट गोडसे आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या वरसईचे, म्हणजे एका अर्थी आमच्याकडचेच. घरावर कर्ज, म्हणून काकांबरोबर दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघाले आणि निघाले ते नेमके १८५७ मध्ये. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापल्यावर हे लोकांसमोर आलं.

झाशीच्या वेढ्यात हा माणूस शहरात आहे. तोफा, पाण्याचे हाल, शहर पडल्यावरची कत्तल आणि रोज नव्या वस्तूंची लूट, सगळं डोळ्यांदेखत. राणीला त्यानं जवळून पाहिलंय, तिचा दिनक्रम तो सांगतो. मोठमोठ्या इतिहासग्रंथांत लढाईचे नकाशे मिळतात, पण वेढ्यातल्या घरात लोक काय खात होते, कुठे लपत होते हे या भिक्षुकानं सांगितलंय.

मी आता परतीच्या प्रवासात आहे. मिळवलेलं सगळं लुटलं गेलंय, पण आईवडिलांसाठी भरून घेतलेली गंगेची कावड खांद्यावर आहे आणि ती घेऊन तो चालतोय.

खारघर

पनवेलचे काका, तुमचं वाचून झालं की मला द्याल का? माझ्याकडे बदल्यात ‘बनगरवाडी’ आहे. रविवारी मी पनवेल स्टेशनला येतच असते.

पनवेल

या. अजून साठेक पानं राहिलीत, रविवारपर्यंत होतील.