विषय: बेडरूमचं छत गळतंय, तीन कोटेशनं, तीन आकडे

प्रेषक: माई (पर्वरी)
सोमवार, सकाळी ६.५०

मंडळी, तातडीचं आहे म्हणून थेट लिहिते. गेल्या वर्षी ज्या खोलीत आपल्या मंडळाची मखराची बैठक झाली, तिचंच छत. पंख्याच्या हुकाजवळचा गेल्या वर्षीपासूनचा डाग आता ताटाएवढा झालाय, पोपडे पडतात. काल रात्री बादली लावून झोपले. झोपले कसली, टप टप ऐकत पडले.

तीन माणसं येऊन पाहून गेली. पहिला म्हणतो, आतून केमिकल मारून पुट्टी-रंग करतो, १९,०००. दुसरा वर गच्चीवर कोटिंग सांगतो, ११०० चौरस फूट, ६५चा दर, ७१,५०० अधिक जीएसटी. तिसऱ्याने वर जाऊन हातोडीने टकटक केलं आणि सांगितलं, सगळा कोबा, म्हणजे गच्चीवरचा सिमेंटचा थर, उकरायला हवा, २,४०,०००. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात तुमच्या डोक्यावरची गच्ची, तुमचा खर्च.

यातला खरा आकडा कोणता? चवथीला लेक-जावई येणार, त्याआधी आटपायला हवं. आणि हो, मंडळाची कार्यक्रमांच्या सामानाची पेटी त्याच खोलीत आहे. वर प्लास्टिक घातलंय.


प्रेषक: वहिनी (ताळगाव)
सोमवार, सकाळी ७.२५

पेटीत काय काय आहे? लेझीम लोखंडी आहेत, गंजतील. नऊवाऱ्या पाच की सहा? पेटी या वर्षी फोंड्याला जायची ठरली होती, ती पर्वरीतच कशी राहिली, हा प्रश्न मी मे महिन्यातच विचारला होता.


प्रेषक: अण्णा (म्हापसा)
सोमवार, सकाळी ९.०५

माई, स्लॅबच्या घरात हे व्हायचंच. आमच्याकडे मंगळुरी कौलं, दर मे महिन्यात घर शाकारतो. यंदा कौलं ५५ रुपयाला एक पडली. वानरांनी नासलेली ऐंशीएक बदलली, दोन वासे आणि पाच-सहा रिपा कुजलेल्या निघाल्या, मेस्त (मिस्त्री) आणि दोन मदतनीस सहा दिवस. सगळं धरून एकेचाळीस हजार. महाग वाटतं, पण कुठून गळतं ते कौलाखाली उभं राहिलं की डोळ्याला दिसतं. उजेड येतो तिथून पाणी येतं. तुमच्या स्लॅबमध्ये उजेड दिसत नाही, हीच अडचण.

खरं दुखणं मात्र आमच्या भिंतींचं. चिरेबंदी, म्हणजे जांभ्या दगडाच्या, बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला तेव्हापासून आत लोणा (पांढरा क्षार) फुटतो. दर दिवाळीला रंग, दर श्रावणात पोपडे.


प्रेषक: बंडू (एडिसन, न्यू जर्सी)
सोमवार, रात्री १०.१५

माई, इथला अनुभव सांगतो. फेब्रुवारीत आमच्या वॉशिंग मशीनची नळी फुटली, तळघरात दोन इंच पाणी. पंपाने उपसणं, चार दिवस पंखे आणि हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर, भिंतीचं भिजलेलं ड्रायवॉल (जिप्सम बोर्ड) दोन फूट उंचीपर्यंत कापून नवं, कार्पेट फेकलं. बिल ४,२०० डॉलर. इन्शुरन्सने दिले, डिडक्टिबल हजार डॉलर आमच्या खिशातून.

इथे सगळे पाण्याची जात विचारतात. नळाचं स्वच्छ, मशीनचं गढूळ, गटाराचं मैलं. स्वच्छ पाण्याला चौरस फुटाला तीन-चार डॉलर, मैल्याला सात-साडेसात, असा भाव लोक धरून चालतात. आणि वेळ फार महत्त्वाची. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळवलं नाही तर बुरशी धरते, मग बुरशीचं बिल वेगळं. पुराचं पाणी साध्या घराच्या पॉलिसीत नसतंच. त्याला सरकारी पूर विमा वेगळा घ्यायचा, घराच्या बांधकामाला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आणि घेतल्यावर साधारण तीस दिवस थांबायचं. पाऊस दारात आल्यावर धावपळ केली तर उपयोग नाही. तुम्ही विमा काढलाय का?


प्रेषक: कार्यवाह
मंगळवार, सकाळी ८.००

सर्व सभासदांना नम्र विनंती. ही ईमेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. घरदुरुस्तीचे विषय व्यक्तिशः बोलावेत. पेटीबद्दलचा निर्णय कार्यकारिणी घेईल.


प्रेषक: अण्णा (म्हापसा)
मंगळवार, सकाळी ८.२०

आंब्याच्या पेट्यांची ऑर्डर याच यादीवर घेतली होती, ती कार्यक्रमात मोडते का?


प्रेषक: भाऊ (वाळपई)
मंगळवार, सकाळी ११.४०

बंडूने पुराचा विषय काढला म्हणून सांगतो. २३ जुलै २०२१ला म्हादई नदीचं पाणी आमच्या अंगणातून स्वयंपाकघरात आलं ते कंबरेला लागेपर्यंत चढलं. १९८२नंतर एवढं पाणी पाहिलं नव्हतं, असं घरातले म्हातारे सांगत होते. पाणी ओसरल्यावर आम्ही पहिली चूक काय केली? धुवायला बसलो. विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा घर लख्ख. फोटो नाहीत, चिखलाची रेघ नाही, फ्रीज भंगारवाल्याला दिलेला. आधी फोटो, मग झाडू. पैसे सगळ्यात जास्त कशाने खाल्ले विचाराल तर भिंतींनी नाही, प्लायवूडच्या कपाटांनी. फुगली की परत बसत नाहीत.

माईंची गळती म्हणजे पूर नव्हे, तरी सांगावंसं वाटलं.


प्रेषक: ताई (मडगाव)
मंगळवार, दुपारी १.१०

सेक्रेटरीचं म्हणणं चूक आहे. आम्ही पुण्यात होतो तेव्हा सोसायटीच्या उपविधीत, म्हणजे नियमांत, स्पष्ट होतं, गच्चीची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, वरच्या सभासदाच्या संडास-न्हाणीतून गळलं तर त्या सभासदाने. माई, त्यांच्या तोंडावर उपविधी टाका. आणि बिल्डरला का सोडता? रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्याखाली ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष त्याने फुकट दुरुस्त करून द्यायचा, कळवल्यापासून तीस दिवसांत.


प्रेषक: माई (पर्वरी)
मंगळवार, दुपारी २.००

आमची इमारत नऊ वर्षांची. ती गाडी गेली.


प्रेषक: नाना (फोंडा)
मंगळवार, संध्याकाळी ५.३०

ताई, पुण्याचे उपविधी महाराष्ट्राचे. इथे २००१चा गोवा सहकारी संस्था कायदा आहे, आणि माईंच्या सोसायटीचे स्वतःचे उपविधी काय म्हणतात ते आधी पाहावं लागेल. गच्ची सामाईक असेल तर खर्च सामाईक, हे तत्त्व माझ्याही मताने बरोबर. पण ते सेक्रेटरीला पटवायला सर्वसाधारण सभा लागते, आणि ती होईपर्यंत छत थांबत नाही.

आता मूळ प्रश्न. माई, तुमच्याकडे तीन आकडे आले कारण तिघांनी तीन वेगळ्या कामांचे भाव दिले. पाणी कुठून येतं ते एकालाही ठाऊक नाही. मी सार्वजनिक बांधकामात बत्तीस वर्षं हेच पाहिलं.

पहिल्याला घरी पाठवा. आतून केमिकल मारणं म्हणजे नाक वाहत असताना नुसता रुमाल धरणं. पाणी वर तसंच साठतं, स्लॅबमधली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. तुमचे पोपडे नुसते चुन्याचे आहेत की आत सळई दिसते? सळई दिसत असेल तर पंख्याखाली झोपू नका. पंख्याचा स्विच आजच बंद करा.

दुसरा आणि तिसरा कदाचित प्रामाणिक असतील, पण ते काम आषाढात? कोटिंग ओल्या गच्चीवर धरत नाही, पुढच्या मे महिन्यात पापुद्रा सुटून येईल. गच्चीचं काम दिवाळीनंतर, आठ-दहा दिवस कडक ऊन खाल्ल्यावर. आता कुणी करून देतो म्हणाला तर त्याला तुमच्या छतापेक्षा तुमच्या आगाऊ रकमेत जास्त रस आहे, असं समजा.

आणि एक सांगा. गेले तीन दिवस उघडीप आहे. तरी गळतंय का?


प्रेषक: माई (पर्वरी)
मंगळवार, संध्याकाळी ६.०५

गळतंय. उलट दुपारी जास्त.


प्रेषक: नाना (फोंडा)
मंगळवार, संध्याकाळी ६.१०

दुपारी ते पाणी हाताला कसं लागतं?


प्रेषक: वहिनी (ताळगाव)
मंगळवार, संध्याकाळी ६.३०

म्हणजे पेटीवर तीन दिवस पाणी पडतंय आणि कार्यकारिणी निर्णय घेणार आहे!


प्रेषक: अण्णा (म्हापसा)
मंगळवार, रात्री ८.४५

नाना, आमच्याकडे लोणा फुटतो त्याचं काय? चिऱ्याच्या भिंतीला काय करावं?


प्रेषक: नाना (फोंडा)
मंगळवार, रात्री ९.१५

अण्णा, चिरा स्पंजासारखा पाणी पितो. पूर्वी बाहेरून चुन्याचा गिलावा असायचा, त्यातून ओल बाहेर पडायची. तुम्ही सिमेंट थापून दार लावून घेतलंत, आता ओल आतल्या बाजूने वाट काढते आणि क्षार घेऊन येते. खालचा तीनएक फूट सिमेंटचा गिलावा काढा, चिरा उघडा राहू द्या एक उन्हाळा. रंगवाल्याला यात काही मिळत नाही, म्हणून तो हे सांगणार नाही.


प्रेषक: माई (पर्वरी)
बुधवार, दुपारी १.४०

नाना, आत्ता हात धरून पाहिला. कोमट आहे!!


प्रेषक: नाना (फोंडा)
बुधवार, दुपारी १.५०

मग पाऊस नाही. पावसाचं पाणी कोमट नसतं. वर पाणी तापवायचा सोलर कुणाचा आहे?


प्रेषक: बंडू (एडिसन, न्यू जर्सी)
बुधवार, संध्याकाळी ५.००

आत्ताच उठलो, सगळं वाचलं. नाना, भन्नाट! सोलरचा पाईप निघाला तर विम्याचं बघा. भारतातली नवी भारत गृह रक्षा पॉलिसी आहे ना, २०२१पासूनची, तिच्यात टाक्या आणि पाईप फुटून किंवा भरून वाहून झालेलं नुकसान येतं.


प्रेषक: भाऊ (वाळपई)
बुधवार, संध्याकाळी ५.२५

फुटून आलेलं येतं. हळूहळू झिरपलेलं नाही. माईंचा डाग गेल्या वर्षीपासून होता असं त्यांनीच वर लिहिलंय, सर्व्हेअर ते पहिलं विचारेल.


प्रेषक: माई (पर्वरी)
बुधवार, रात्री ८.२०

सोलर तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाचा. बरोबर माझ्या बेडरूमवर. आज संध्याकाळी प्लंबरला घेऊन वर गेले. टाकीतून उतरणाऱ्या गरम पाण्याच्या पाईपचा कोपरा चिरला आहे. पाणी पाईपला धरून खाली, आणि जिथे पाईप कोब्यात शिरतो तिथे कुणीतरी कधीतरी भोक पाडून सिमेंट ओबडधोबड लिंपलंय, त्यातून थेट आत. पावसाचं पाणीही त्याच भोकातून येत असणार. प्लंबरने वॉल्व्ह बंद केला. दोन तासांत टपकणं थांबलं. सव्वा वर्ष मी पावसाला शिव्या देत होते.

नाना, आता खर्च किती येईल ते सांगा. आणि अडीच लाखवाल्याला काय सांगू?


प्रेषक: नाना (फोंडा)
गुरुवार, सकाळी ७.००

पाईप, कोपरा, भोक नीट बुजवणं, प्लंबरची मजुरी: २,६००पर्यंत. हे तळमजल्यावाल्यांचं, भांडण न करता. पंख्याच्या पॉइंटची वायर तपासून बदलणं ९००, हे लगेच. छताला ठोकून पाहा, पोकळ वाजेल तेवढाच भाग काढायचा. फोटोवरून सव्वीस चौरस फूट वाटतो. सैल काँक्रीट काढून सळई घासून गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा लेप), २२०चा दर धरा, ५,७२०. मग सगळ्या छताला पुट्टी आणि रंग, १४० चौरस फूट, ३५ने ४,९००. एकूण १४,१२०.

ठोकल्यावर पोकळ भाग वाढला तर आकडा वाढेल, तेव्हा मेस्ताशी आधी चौरस फुटाचा दर ठरवा, ठोक रक्कम ठरवू नका. पुट्टी-रंग चवथीआधी करायचा हट्ट सोडा. छत आतून वाळायला वेळ लागतो. ओल्यावर रंग मारलात तर तेच पैसे डिसेंबरात परत. सध्या मॉर्टरपर्यंत आणा, जावयाला सांगा की काम चालू आहे.

अडीच लाखवाल्याला सांगा, दिवाळीनंतर या. गच्चीवर चोवीस तास पाणी साठवून चाचणी घेऊ, खाली ओल आली तर बोलू. तेव्हा मी येतो, फक्त जिना किती मजल्यांचा ते आधी सांगा.


प्रेषक: माई (पर्वरी)
गुरुवार, सकाळी ९.३०

तीन मजले, लिफ्ट आहे पण गच्चीपर्यंत नाही. तळमजल्यावाले चांगली माणसं, २,६०० देतो म्हणाले, वर मला फणसाचे गरे दिले. सेक्रेटरी आता म्हणतात, सोलरचे पाईप आम्ही कधी मंजूरच केले नव्हते. त्यांच्याशी पुढे.


प्रेषक: वहिनी (ताळगाव)
गुरुवार, सकाळी ९.४५

पेटी उघडून बघितली का कुणी?


प्रेषक: माई (पर्वरी)
गुरुवार, सकाळी १०.१०

उघडली. लेझीम कोरडे. नऊवाऱ्या सहा, त्यातल्या हिरवीला एका कोपऱ्यात डाग पडलाय. शनिवारी कुणाची गाडी फोंड्याकडे जाणार आहे?


प्रेषक: कार्यवाह
गुरुवार, सकाळी १०.३०

माझी. साडेचारनंतर. पेटी खाली उतरवायला दोन माणसं लागतील.