न बोलता मनातलं कळतं का?

सेलूकर:
आईला लकवा मारला तेव्हापासून वाचा गेलीय. पण बाबा जवळ बसले की तिला पाणी पाहिजे, कूस बदलायचीय, पंखा कमी करायचाय हे बरोबर ओळखायलेत, कधी तर ती डोळे मिटून पडलेली असते तरी. शेजारचे म्हणायलेत ही टेलिपथी हाय. खरंच एका मनातलं दुसऱ्या मनात थेट जातं का? कृपया हसण्यावारी नेऊ नका, घरात आमचं सगळं यावरच चाललंय.

गोदाकाठ:
हसायचं कशाला. हान्स बर्गर नावाचा जर्मन डॉक्टर, तरुणपणी सैन्यात असताना घोड्यावरून पडून मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी लांब घरी बहिणीला जीव घाबरल्यासारखं झालं म्हणून तिनं वडिलांना तार करायला लावली. हे कसं झालं याचाच त्यानं ध्यास घेतला. टेलिपथी काही सापडली नाही, पण १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, त्यानंच काढला, आज फिट येणाऱ्या पेशंटचा काढतात तोच.

लातूरची लेक:
अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९३० च्या दशकात पत्ते ओळखायचे प्रयोग झाले, २५ पत्ते, ५ चिन्हं, म्हणजे नुसत्या अंदाजानंच सरासरी ५ बरोबर येणार. त्याहून जास्त आले म्हणून लई गाजावाजा झाला पण दुसऱ्यांनी कडक बंदोबस्तात केलं तर तसं जमलं नाही. तुमचे बाबा श्वास, कपाळावरची आठी, बोटांची हालचाल वाचायलेत असं मला वाटतं, आणि इतक्या वर्षांच्या संसारानं ते येतं, त्यानं त्याचं मोल कमी होत नाही.

आपेगावचा:
आमच्या भागातली गोष्ट सगळ्यांना माहितीय, चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरं पत्र धाडलं. ते समजलं, तरी उत्तर ६५ ओव्यांचंच गेलं. २०१४ मध्ये तिरुवनंतपुरमहून फ्रान्सला मेंदू ते मेंदू 'होला' (स्पॅनिशमधला नमस्कार) शब्द पाठवला, तोही ईईजी, इंटरनेट आणि डोक्याला लावलेल्या चुंबकी यंत्रातून, समोरच्याला नुसत्या प्रकाशाच्या चमका दिसायच्या, त्यातून अक्षरं जुळवायची.

गोदाकाठ:
सेलूकर, एक कळकळीनं सांगतो. बाबांचा अंदाज चुकला तर आईला सांगता येतंय का ते बघा. होसाठी हात दाबणं, चित्रांचा तक्ता, काहीतरी ठरवा, स्पीच थेरपिस्टला दाखवा. नाहीतर सगळे म्हणणार बाबांना कळतंय, आणि तिला म्हणायचं असणार वेगळंच.

सेलूकर:
डाव्या हातानं दाबता येतं तिला. आज विचारतो.